नऊ नंबरच्या पंख्याखाली

"खुशालभाऊ, आज हवा भेटन का?"

हिवरबर्डी गावात हा प्रश्न चाळीस वर्षं एकाच माणसाला विचारला गेला. खुशालराव काळबांडे लगेच उत्तर देत नसत. गालातला खर्रा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला सारायचा, उजव्या पायातली वहाण काढायची, अनवाणी पाऊल मातीवर टेकवायचं, मान थोडी तिरपी करायची. समोरचा ताटकळत उभा.

"चार वाजता येते. तवरोक चहा पाज."

"अन नाई आली तं?"

"नाई आली तं माह्या नावाचं कुत्रं पाळ."

चारला हवा यायची. गावात खुशालराव नावाचं कुत्रं कधीच झालं नाही.

वरूड तालुक्यात, शेंदूरजनाघाटच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला हे गाव आहे. गावामागे एक लांबट, बुटकी टेकडी. तिला सगळे बर्डी म्हणतात. खुशालरावांकडे तीन एकर संत्र्याचा बगीचा, एक बैलजोडी, एक गाय आणि हवा. पहिल्या तीन गोष्टी पुष्कळांकडे होत्या, चौथी फक्त त्यांच्याकडे. थ्रेशर यायच्या आधी गावाची तूर, हरभरा, जवस, सगळं त्यांच्या सुपातून जायचं. बर्डीच्या खांद्यावर त्यांचं खळं होतं. तीन पायांच्या उंच तिवईवर उभं राहायचं, सूप भरायचं, आणि वाऱ्यावर उपणायला सुरुवात करण्याआधी मूठभर भुसा डोक्यावरून उडवायचा. दोन हातांवर पडला तर थांबायचं. चार हातांवर पडला तर सुरू. शेजाऱ्याच्या डोळ्यात गेला तर खाली उतरायचं, कारण आता भुशाबरोबर दाणाही जाणार.

घर खळ्याच्या खालीच. बिडी पेटवून घरातून निघालं तर ती संपायच्या आत माणूस खळ्यावर. खुशालरावांच्या वडिलांनी मुद्दाम तिथं, शेतातच, दोन खोल्या बांधल्या. धान्य लांब वाहायला नको. गाव नाल्यापलीकडे, किलोमीटरभर दूर. तलाठ्याच्या कागदावर मात्र त्या दोन खोल्यांची नोंद 'गोठा' अशी होती. त्यात खोटं बोलल्यासारखं कोणालाच वाटत नसे. हिवरबर्डीत ज्याची ज्याची शेतात खोली, त्याचा त्याचा कागदावर गोठा. घर म्हटलं की परवानगी आली, पावती आली, साहेब आला. "बैलाले कोन पावती मागते?" वडील म्हणायचे.

सहा वर्षांपूर्वी बर्डीवर पवनचक्क्यांची माणसं आली. त्यांच्यात रश्मी नावाची इंजिनिअर होती, अमरावतीची, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात वही. हवा मोजायचा उंच लोखंडी खांब ते बर्डीच्या पार उत्तरेच्या टोकाला उभा करत होते. खुशालराव तिथं जाऊन दगडावर बसले आणि हसायला लागले.

"काका, काहून हसता?"

"बाई, तुमी इथं हवा शोधून राहिले. इथं हवा नाई, निस्ता भपका हाये. येते अन पळते. सोयऱ्यासारकी."

"मग हवा कुठं आहे?"

"माह्या खळ्यावर."

दुसरी एखादी असती तर हसून कामाला लागली असती. रश्मी त्यांच्यामागे चालत खळ्यावर आली. खुशालरावांनी मूठभर भुसा उडवला. तो गेला, चार हात, पाच हात, एका रेषेत, आणि चादर अंथरावी तसा खाली बसला. पुन्हा उडवला, पुन्हा तिथंच. रश्मीनं पावलं टाकून अंतर मोजलं, वहीत लिहिलं. खांब खळ्यावर हलला. चौदा महिन्यांनी ती पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आली.

"काका, अख्ख्या बर्डीत तुमचं खळं एक नंबर निघालं!"

"निघालं म्हंजे? थे होतंच."

त्यानंतर जमीन बघायला एक माणूस आला. कंपनीचा नियम होता, कुणाच्या राहत्या घरापासून ठरावीक अंतर सोडायचं. त्यानं खाली बोट दाखवलं.

"ते काय आहे? घर?"

खुशालरावांची पापणी हलली नाही. "गोठा."

माणसानं नीट पाहिलं. दाराशी तुळस. तारेवर लुगडं. छपरावर टीव्हीची छत्री.

"गोठा?"

"गोठाच. लिहा."

आतून मनकर्णाबाईंचा आवाज आला, "अन मी कोन? गाय?"

सगळे हसले. खुशालरावही हसले. माणसानं हसत हसत 'गोठा' लिहिलं. गोठ्यापासून किती अंतर सोडायचं, हे कुणी विचारलं नाही.

मनकर्णाबाई मूळच्या अकोल्याकडच्या. विजेच्या कारखान्याच्या धुराड्याखालचं गाव. ग्रामसभेत पवनचक्कीचा विषय निघाला तेव्हा दहा-बारा माणसं विरोधात होती. पाखरं कापल्या जातील, पाऊस पळेल, गुरं दूध देणार नाहीत. सरपंच चंदाताई कुणाला गप्प करावं या गोंधळात असताना बायकांच्या रांगेतून मनकर्णाबाई उठल्या. आयुष्यात सभेत पहिल्यांदाच.

"माह्या माहेरी सकाळी अंगन झाडलं का टोपलंभर राख निघते. पापड वाळू घातले तं वरून मीठ-मसाला फुकट. माह्या बापानं खोकून खोकून वीस वर्सं सारं गाव जागं ठेवलं. ह्या पंख्याले कोळसा नाई लागत, पानी नाई लागत, धूर नाई निघत. हवा तं तशीबी वाहूनच राहिली ना? तिचं थोडं काम झालं तं तुमचं काय जाते?"

टाळ्या पडल्या. ठराव झाला. सूचक म्हणून मनकर्णाबाईंचं नाव लागलं. घरी येताना खुशालराव दोन पावलं मागे चालत होते. "लय बोलली आज," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे शाल-नारळच.

बर्डीवर अकरा पंखे उभे राहिले. गावात त्यांना पंखेच म्हणतात. नऊ नंबरचा खळ्यावर. पूजेला खुशालरावांना खुर्ची मिळाली. पंख्यांसाठी पक्का रस्ता झाला आणि संत्र्याचा ट्रक पहिल्यांदाच थेट बगीच्यात येऊन उभा राहिला. आधी पेट्या डोक्यावरून नाल्यापार न्याव्या लागत. पंख्याच्या पायाशी लोक पूर्वीसारखी तूर पेरत होते. हे सगळं खरं आहे, आणि खुशालराव आजही कुणी विचारलं तर आधी हेच सांगतात.

गावातली वीज मात्र पूर्वीसारखीच जात राहिली. "बर्डीवर अकरा पंखे फिरून राहिले, अन माह्या घरातला एक बंद," पारावरचा हा विनोद इतका जुना झाला की आता कुणी हसत नाही.

मनकर्णाबाईंनी पहिल्यांदा सांगितलं ते पावसाळ्यात. आषाढातली पश्चिमेची हवा, पंखा भरात.

"अवो, तुमाले ऐकू येते का?"

"काय?"

"कोनीतरी ओली गोधडी दगडावर आपटून राहिलं."

खुशालरावांनी कान दिला. फप्प. थांबा. फप्प. थांबा. "पंखा हाये थो. होईन सवय."

"आपटनं सोसते मले. मधला थांबा नाई सोसत. आता आपटन, मंग आपटन, असी वाट पाहत मी उताणी पडून राहतो."

खुशालरावांना सवय झाली. मनकर्णाबाईंना झाली नाही. त्यांनी बोंडातला कापूस काढून कानात घातला. मग पाठीनं ऐकू येतं म्हणायला लागल्या. हिवाळ्यात एक वेगळंच सुरू झालं. सूर्य बरोबर नऊ नंबरच्या मागे बुडायचा, आणि अर्धा-पाऊण तास पात्यांच्या सावल्या घरावरून फिरायच्या. भिंतीवर आल्या, गेल्या. चुलीवर आल्या, गेल्या. ताटातली भाकर काळी, पांढरी, काळी, पांढरी. मनकर्णाबाई ताट घेऊन घराच्या मागच्या बाजूला, गाईजवळ जाऊन जेवायच्या.

"पाह्य," त्या गाईला म्हणायच्या, "तुह्या अंगावर सावली नाई पडत. खरी घरधनीन तू."

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात हवा पडली. पंखे मान टाकून उभे. नेमकी पंपाला वीज हवी तेव्हाच पंखे ठप्प, म्हणून गाव शिव्या घालत होतं. आणि मनकर्णाबाई झोपत होत्या. जेवलं की झोपायच्या, सकाळी उन्हं आल्यावर उठायच्या. गालावर रंग आला. खुशालरावांना वाटलं, संपलं एकदाचं.

मग हवा परतली, आणि त्यांनी एक नवीन काम लावून घेतलं. दिवस कलायला लागला की अंगणात उभं राहायचं, वहाण काढायची, भुसा उडवायचा.

"मनकर्णे, आज हवा नाई. आज झोपशीन."

"खरं?"

"चाळीस वर्सं कोनाले खोटं सांगतलं का मी?"

जन्मभर या माणसानं हवा मागितली होती. आता ती पडावी म्हणून तो मूठ उघडत होता. पहिले चार-सहा दिवस अंदाज बरोबर निघाले. सातव्या दिवशी भुसा पायाशीच पडला. पिंपळाचं पान हलत नव्हतं. "आज पक्कं," खुशालराव म्हणाले. मनकर्णाबाईंनी कानातला कापूस काढला, केस विंचरले, खाट झाडून घातली.

सकाळी त्या त्याच खाटेवर बसलेल्या होत्या, डोळे तांबडे.

"पान हलत नोव्हतं," खुशालराव म्हणाले.

"पंखा हलत होता."

नंतर बर्डीवर देखभाल करणाऱ्या नितेशनं त्यांना समजावलं. तिवस्याकडचा पोरगा, बोलायला गोड. "काकाजी, तुमी खालची हवा सांगता. खाली सामसूम असली तरी वर, पात्याच्या उंचीवर, वेगळीच हवा वाहते. थे जमिनीवरून नाई समजत."

"म्हंजे माह्या डोक्यावर दुसरी हवा होती? इतके वर्सं?"

"होतीच."

खुशालराव वर बघत राहिले. त्या दिवसापासून मनकर्णाबाईंनी त्यांना हवेचं विचारणं सोडलं. त्यांनीही अंगणात भुसा उडवला नाही.

जागरणानं बाई वाळत चालल्या. अमरावतीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. त्यांनी दिवसा गुंगी यायची, रात्री झोप नाही. एकदा भाकर थापता थापता त्यांचा डोळा लागला आणि उजवा हात तव्यावर गेला. तळहात सोलून निघाला. खुशालरावांनी त्यांना गावात आपल्या चुलतभावाकडे नेऊन ठेवलं. गावात पंख्यांचा आवाज कुणालाच येत नव्हता. पाचव्या दिवशी मनकर्णाबाई म्हणाल्या, "इथंबी येते." भावजयीनं कान दिला, भावानं दिला. "काहीच नाई वो बाई." मनकर्णाबाई कोपऱ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, तिथून येते. मग गावात कुजबुज सुरू झाली: हिच्या डोक्यातच पंखा बसला. आठव्या दिवशी त्या स्वतःच पिशवी उचलून घरी आल्या. "खोटी ठरून जागन्यापरीस खरी राहून जागलेली बरी."

खुशालराव चंदाताईंकडे गेले. सरपंचबाईंनी खुर्ची दिली, चहा दिला.

"खुशालभाऊ, मी ठराव करीन. पन काय लिहू? पंख्यासाठी पहिला ठराव तुमच्याच घरून आला. लोक म्हनतीन, काल पाह्यजे होता, आज नको. आनि बाकीच्या गावाले तरास नाई ना जी."

"तिले हाये ना."

"हाये. मी कुठं नाई म्हनते?"

कुणीच नाही म्हणत नव्हतं. हेच अवघड होतं. भांडायला एक वाईट माणूस लागतो, आणि तो सापडत नव्हता.

एका दुपारी खुशालराव नऊ नंबरच्या पायथ्याशी गेले. जिथं त्यांची तिवई असायची तिथं आता पांढऱ्या खांबाचं लोखंडी दार होतं. त्यांनी दारावर थाप मारली. मग मूठ मारली. मग दोन्ही हातांनी दणके द्यायला लागले. नितेश धावत आला.

"काकाजी! काकाजी, हात फुटन! आत कोनी नाई ना."

"बंद कर."

"माह्यानं नाई होत."

"एक संध्याकाळ. एकच."

"आई शप्पथ, इथं बटन नाई. लय दूर हाये थे, कंपनीच्या हापिसात. तिथं पडद्यावर पाहतेत. मी फक्त वंगन अन नट-बोल्ट पाहतो." त्यानं बाटली पुढे केली. "घ्या, पानी घ्या."

खुशालरावांनी पाणी घेतलं. परत येताना रस्त्याच्या कडेला त्यांना एक मेलेली घार दिसली, पंख पसरलेली, एका बाजूनं नीट कापलेली. त्यांनी ती उचलून झुडपात ठेवली आणि घरी काही सांगितलं नाही.

रश्मीला फोन नितेशनंच लावून दिला. ती आता दुसऱ्या कामावर होती, तरी दोन दिवसांत आली. दिवस मावळायच्या वेळी घरात बसली. सावल्या सुरू झाल्या. तिच्या गालावरून, वहीवरून, मनकर्णाबाईंच्या पट्टी बांधलेल्या हातावरून.

"काकू," ती म्हणाली, "इथं माणसं राहतात हे कागदावर असतं, तर मशीन इथं उभंच राहिलं नसतं."

"कागदावर काय हाये?"

"गोठा."

मनकर्णाबाई हसल्या. कितीतरी महिन्यांनी हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडात धरून बसल्या. खुशालराव उठून बाहेर गेले.

रश्मी त्यांच्यामागे आली. तिनं सरळ सांगितलं: हे घर असल्याचा कागद आणा. मग सावलीच्या वेळेपुरतं मशीन थांबवता येईल, जोराच्या हवेत वेग कमी करून आवाजही थोडा उतरवता येईल. "पूर्ण बंद कुणी करणार नाही, काका. आणि खरं सांगू? बंद व्हावं असं मलाही वाटत नाही. हे जेवढं फिरतं, तेवढा कोळसा कुठंतरी जळत नाही. पण त्याची भरपाई काकूंनी करावी, हेही मला पटत नाही."

"मंग काय पटते तुले?"

तिनं वही मिटून पिशवीत टाकली.

खुशालराव तलाठ्याकडे गेले. तलाठी भला माणूस. त्यानं दप्तर काढलं, नोंद पाहिली, पेन बंद केलं.

"काका, उद्या मी घर म्हणून अहवाल देईन. पण मग शेतात विनापरवानगी घर झालं ना? नोटीस निघन. आज पंखा अन घर दोन्ही हाये. उद्या पंखा राहीन, घर जाईन. ऐका माझं. गोठाच राहू द्या."

"साहेब, चाळीस वर्सं मी त्यात झोपतो."

"मले माहीत हाये ना. मी तुमच्या घरी पुरनपोळी खाल्ली हाये."

रश्मीनं आपल्याकडून कंपनीत अर्ज करून पाहिला. उत्तर एका ओळीचं आलं: सदर ठिकाणी निवासी इमारत आढळत नाही. मनकर्णाबाईंनी ते खुशालरावांकडून दोनदा वाचून घेतलं.

"आढळत नाई," त्या म्हणाल्या. "बरं."

मग चुलीपुढून उठल्या, पत्र्याची पेटी ओढली आणि लुगडी काढून घड्या घालायला लागल्या.

"काय करून राहिली?"

"मले माहेरी नेऊन टाका. बंडूकडं."

बंडू त्यांचा धाकटा भाऊ. घर तेच, धुराड्याखालचं.

"तिथं राख उडते मनकर्णे. तुह्या बापाचं पाह्यलं ना तू?"

"राख फडक्यानं पुसता येते. हे कशानं पुसू?"

"मी बी येतो मंग."

"अन बगीच्याले पानी कोन देईन? गाय कोन पिळन?" त्यांनी घडी दाबली. "तुमाले झोप लागते इथं. राहा."

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. म्हणूनच खुशालराव पेटी बांधायला दोरी शोधू लागले.

पहाटेच्या पहिल्या गाडीनं दोघं निघाले. वरूड, मोर्शी, अमरावती. अमरावतीच्या स्टँडवर खुशालरावांनी कचोरी घेतली. मनकर्णाबाईंनी अर्धी खाल्ली, अर्धी कागदात गुंडाळून त्यांच्या खिशात ठेवली, परतीला भूक लागेल म्हणून. मूर्तिजापूरच्या पुढं त्यांचं डोकं खुशालरावांच्या खांद्यावर टेकलं, पण डोळे उघडेच होते. खिडकीबाहेर कापसाची शेतं पळत होती.

बंडूचं घर लांबूनच ओळखू येतं. झाडांची पानं करडी, पत्रे करडे. बंडू अंगणात केरसुणी घेऊन उभा होता. पाहुणे येणार म्हणून सकाळपासून तिसऱ्यांदा झाडत होता.

"या भाऊजी. बाई, किती वाळली वं तू!"

"तुह्या गावात वाळवन लवकर वाळते, म्हून आली."

बंडू हसला आणि हसण्यातच खोकला. तो खोकला खुशालरावांच्या ओळखीचा होता. सासऱ्यांचा असाच सुरू झाला होता, चाळिशीच्या आसपास. त्यांनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं. त्यांनीही ऐकला होता. नजर चुकवून त्या आत गेल्या.

"भाऊजी, एक सांगा," बंडू खाट टाकत म्हणाला. "तुमच्याकडं पंखे लागले, तं मले वाटलं आमचं धुराडं उलसं तरी थंडावन. थे तं तसंच सुरू हाये."

"लोकाले वीज लय लागते म्हनतेत."

"हौ. मले बी लागते," बंडू म्हणाला आणि भिंतीवरच्या कूलरचं बटण दाबलं.

वरण-भात झाला. मनकर्णाबाई म्हणाल्या, "जराशी पाठ टेकतो." ओसरीवरच्या खाटेवर आडव्या झाल्या. खुशालराव त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून हात धुऊन बाहेर आले, तर बाई झोपलेल्या. नुसतं डोळे मिटणं नव्हे. तोंड उघडं, भाजलेला हात खाटेबाहेर लोंबलेला, श्वास खोल, लांब. कूलर घरघरत होता. रस्त्यावरून ट्रक गेला, शेजारी पोरं भांडली, कुकरनं शिट्टी मारली. पापणी हलली नाही.

खुशालराव खाटेशेजारी जमिनीवर बसले. दीड वर्षात त्यांनी बायकोला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. बाई उठली की सांगायचं म्हणून त्यांनी मनाशी जुळवून ठेवलं होतं: संत्री उतरली की मी येतो, महिन्याकाठी येतो, तलाठ्याला पुन्हा भेटतो. घड्याळात अडीच वाजले. तीनची अमरावतीची गाडी चुकली असती तर वरूडची शेवटची मिळाली नसती, आणि गाय एकाच दिवसाच्या बोलीवर शेजाऱ्याकडे होती.

"उठवू का बाईले?" बंडूनं विचारलं.

"नको."

"उठल्यावर विचारन. काय सांगू?"

खुशालराव त्या लोंबलेल्या हाताकडे वाकले. मग तो अलगद उचलून त्यांनी खाटेवर ठेवला. मनकर्णाबाईंनी झोपेतच कूस बदलली, भिंतीकडे तोंड करून.

"काही नको सांगू. झोपू दे."

बंडू त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आला. गाडी लांबून येताना दिसली तेव्हा त्यानं, कधीचं मनात असलेलं, विचारलं.

"भाऊजी, राग नका मानू. राहो ना बाई, तिचंच घर हाये. पन किती दिवस धरून चालू मी?"

नितेशनं एकदा सांगितलं होतं, अशा मशीनचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षं असतं. खुशालरावांना आता एकसष्टावं लागलं होतं, मनकर्णाबाईंना अठ्ठावन्न.

गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं, "अमरावती, अमरावती! चला जी लवकर!"

"पाहू," खुशालराव म्हणाले आणि चढले.